पोटात गोळा आला तरी

मनोरीतले आणि गोराई-उत्तनहून आलेले श्रोते, आणि मागच्या रांगेत ट्रॅकसूट घालून बसलेली आजची खरी पाहुणेमंडळी,

मुलांनो, तुम्ही मागे का बसलात ते मला ठाऊक आहे. कंटाळा आला तर गुपचूप निसटता येतं. खुशाल निसटा. तासभर एका जागी बसून ऐकणं हे तुमच्या वयाचं काम नाही. फक्त पहिली पंधरा मिनिटं थांबा, कारण ती तुमच्यासाठी आहेत. पुढचं बोलणं तुमच्या आईबाबांशी आहे, आणि त्यात त्यांना थोडा ओरडा बसणार आहे. कदाचित त्यासाठीसुद्धा थांबावंसं वाटेल.

आपल्याकडे व्याख्यानमाला साहित्यिकांच्या नावानं होतात, पुढाऱ्यांच्या नावानं होतात. गळ्यात शिट्टी अडकवून तीस-तीस वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या पी.टी.च्या शिक्षकाच्या नावानं व्याख्यानमाला चालवणारं गाव मी पहिल्यांदाच पाहते आहे. त्यामुळे आजचा विषय सरांच्या मैदानातलाच निवडला. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांच्या मनावर येणारा ताण, आणि त्यावरचं प्रशिक्षण.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. भीती घालवता येत नाही. भीती वाटत असताना खेळायला मात्र शिकवता येतं. आणि ते शिकवायचं तर रोज, मैदानावर, बाकीच्या सरावाबरोबर शिकवावं लागतं. स्पर्धेच्या आदल्या रात्री ‘टेन्शन घेऊ नकोस’ असं म्हणून काहीही होत नाही. आजवर कुणाचं टेन्शन असं सांगून गेलंय? तुमचं गेलंय?

आता एक दिवस डोळ्यांसमोर आणा. शालेय जिल्हास्तरीय स्पर्धा. रिपोर्टिंग सकाळी ८ वाजता. मनोरीतली आठवीतली मुलगी पहाटे उठते, मार्वेची बोट पकडते, तिथून मालाड स्टेशन, मग लोकल, मग शेअर रिक्षा. मैदानावर धापा टाकत पोचते. आणि तिची २०० मीटरची हीट होते दुपारी दीड वाजता! मधले साडेपाच तास ती काय करते? चेस्ट नंबरच्या सेफ्टी पिना काढते, पुन्हा लावते. दुसऱ्या शाळेच्या मुलींचे स्पाइक्स बघते. कुणीतरी येऊन सांगतं की ती लाल टीशर्टवाली मागच्या वर्षी स्टेटला गेली होती. भूक लागते, पण वडापावचा घास घशाखाली उतरत नाही. परत परत बाथरूमला जाऊन येते. तिथली रांग आणि अवस्था याबद्दल मी इथे बोलत नाही, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आणि दीड वाजता जेव्हा ‘ऑन युवर मार्क्स’ होतं, तेव्हा ती आधीच साडेपाच तास धावून दमलेली असते. जागच्या जागी.

आपण तिला २०० मीटर धावायला शिकवलं. साडेपाच तास थांबायला कुणी शिकवलं?

खेळातला ताण म्हटलं की आपल्याला शेवटची ओव्हर आठवते, टायब्रेक आठवतो. मुलांचा बहुतेक ताण त्या थांबण्यात असतो. शर्यत सुरू झाल्यावर पाय आपलं काम करतात. तेव्हा पहिली गोष्ट थांबण्याची. दोन तास सावलीत पाय वर करून पडायचं, कानात गाणी, ठरलेल्या वेळी ठरलेलं खाणं, हीटच्या चाळीस मिनिटं आधी वॉर्मअप, आणि मधल्या वेळात दुसऱ्यांच्या हीट बघायच्या नाहीत. हे सगळं घरून ठरवून, वहीत लिहून नेता येतं. दिसायला किरकोळ आहे. करून बघा.

आता त्या मुलीच्या पोटातल्या गोळ्याकडे वळू. तो येतो कुठून? मेंदूला वाटतं, समोर काहीतरी मोठं आलंय. तो ॲड्रेनॅलिन सोडायला लावतो. हृदय जोरात चालतं. रक्त पोटाकडून, बोटांकडून निघून मांड्यांकडे, मोठ्या स्नायूंकडे धावतं. म्हणून पोटात गोळा, म्हणून हात गार, म्हणून तोंड कोरडं. मुलांनो, नीट ऐका. हे बिघाडाचं लक्षण नाही. तुमचं शरीर धावायच्या तयारीला लागलंय. धडधडणारं हृदय दोनशे मीटरसाठी हवंच असतं. थंड, निवांत हृदय घेऊन कुणी ब्लॉकवर उभं राहत नाही.

हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स या बाईंनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला लावलं, भाषण करायला लावलं, गणितं सोडवायला दिली. त्याआधी काहींना स्वतःशी म्हणायला सांगितलं, ‘मी शांत आहे’. काहींना सांगितलं, म्हणा, ‘मला उत्साह वाटतोय’. दुसऱ्या गटाची कामगिरी सरस ठरली. कारण उघड आहे. धडधड चालू असताना ‘मी शांत आहे’ म्हणणं म्हणजे स्वतःशी थाप मारणं, आणि मनाला थाप लगेच कळते. धडधड तीच, तिला नाव दुसरं दिलं, तर ते पटतं. तेव्हा कॉलरूममध्ये शेजारणीनं विचारलं, ‘घाबरलीयस का?’ तर सरळ सांगायचं, ‘हो, गाडी गरम झालीय.’

फार ताण वाईट, पण अजिबात ताण नसणंही वाईटच. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. चुकलं की विजेचा धक्का. धक्का अगदी हलका असला तर उंदीर शिकायला वेळ लावत, आणि काम अवघड असेल तर फार जोराच्या धक्क्यानंही त्यांचं शिकणं रखडे. यावरून पुढे लोकांनी मोठमोठे आलेख काढले, खेळाडूंना लावले. उंदीर आणि खेळाडू यांत फरक आहे हे काही प्रशिक्षक विसरले ते विसरलेच! पण पुढे युरी हानिन या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञानं खेळाडूंचाच अभ्यास करून एक फार कामाची गोष्ट मांडली. प्रत्येक खेळाडूची पातळी वेगळी. एखादी मुलगी चिडल्याशिवाय चांगली धावत नाही, दुसरी चिडली की संपली. मग सगळ्या टीमला गोल उभं करून एकच आरोळी ठोकण्यात काय अर्थ? त्या गोलातल्या निम्म्या मुलांना जागं करायची गरज असते आणि निम्म्यांना निववायची. प्रशिक्षकाला हे कळायला हवं असेल तर त्यानं नोंद ठेवली पाहिजे. प्रत्येक स्पर्धेनंतर मुलांनी वहीत लिहायचं, आधी कसं वाटत होतं आणि खेळ कसा झाला. दहा स्पर्धांनंतर ती वही कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त सांगते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. नाशिकचे भीष्मराज बाम आठवतात का तुम्हाला? आयपीएस अधिकारी, पोलीस खात्यात वरिष्ठ पदांवर काम केलेले. नेमबाजीची ओढ. हा माणूस खेळाडूंच्या मनाचा मार्गदर्शक झाला. अंजली भागवत, राहुल द्रविड, सावरपाड्याची कविता राऊत, असे कितीतरी खेळाडू त्यांच्याकडून शिकून गेले. २०१७ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांनी ‘मार्ग यशाचा’ हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या पद्धतीचा पाया होता पतंजलीचा योग. श्वास, एकाग्रता, मनात उठणाऱ्या लाटा बघणं. परदेशी यंत्रं, महागडे सल्लागार यांच्या आधीची ही गोष्ट. खेळाडूला समोर बसवायचं आणि त्याला स्वतःकडे बघायला शिकवायचं.

श्वासाचं महत्त्व मनोरीत येऊन मी काय सांगणार! तुमच्या शेजारी गोराईला विपश्यनेचा पॅगोडा उभा आहे. २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथे येणाऱ्यांना आनापान शिकवतात, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. बोरिवलीहून, अंधेरीहून लोक सुट्टीच्या दिवशी तिथे येतात. मनोरीतली किती मुलं गेली आहेत? हात वर करा. बरं. अपेक्षेप्रमाणे.

पण तिथे गेलं नाही तरी चालेल. आपल्या कबड्डीत हे आधीपासूनच आहे. चढाई ३० सेकंदांची. तोंडानं ‘कबड्डी कबड्डी’ सतत चालू. म्हणजे काय चालू आहे? एक लांबलचक उच्छ्वास. सात माणसं अंगावर येताहेत, आणि चढाईपटू श्वास सोडायला विसरू शकत नाही, नियमच तसा आहे! घाबरलेला माणूस श्वास आत घेतो आणि धरून ठेवतो. खांदे वर जातात, मान आखडते. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती उतरते, हे शरीराचं साधं यंत्र आहे. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास. पाच मिनिटं.

पण, आणि हा ‘पण’ महत्त्वाचा आहे, हे एसी हॉलमध्ये चटईवर झोपून शिकवू नका. म्हणजे तिथे सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. मुलांना शंभर मीटर जोरात पळवा, आणि हृदय १७० वर असताना लगेच उभ्याउभ्या दहा श्वास घ्यायला लावा. मग पुन्हा पळवा. पुन्हा श्वास. स्पर्धेत त्यांना चटई मिळणार नाही, धापच मिळणार आहे. सगळे सराव संपल्यावर उरलेल्या वेळात ‘मेडिटेशन’ घ्यायचं, मुलं डोळे मिटून एकमेकांना चिमटे काढताहेत, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. तो मनाचा सराव नव्हे, ती विश्रांती आहे. चांगली आहे, पण विश्रांती आहे.

आता लक्ष या दुसऱ्या गोष्टीकडे येते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गंमत इथे आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. शिक्षकाचा मुलगा. २०२४ पर्यंत मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याचा खेळ ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. पन्नास मीटरवर जे दहाचं वर्तुळ असतं, त्याचा व्यास १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढा. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, तिन्ही प्रकारे त्या बटणावर नेम धरायचा. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत हा मुलगा सर्वांच्या पुढे होता. उभ्यानं नेम धरायची पाळी आली, आणि एक गोळी ७.६ ला गेली. या पातळीवर ७.६ म्हणजे कोसळणंच. सुवर्ण गेलं, रौप्य गेलं, कांस्यही गेलं. चौथा.

आता तुम्ही त्याच्या जागी असता तर? घरी आल्यावर स्वप्नात काय दिसलं असतं? ७.६.

आणि पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिसमध्ये हाच मुलगा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभा. आठ जणांत पात्रता फेरीतून सातव्या क्रमांकानं आलेला. पहिल्या दोन पोझिशननंतरही तो पदकाच्या बाहेर होता. मग आली उभ्याची पाळी. तीच, जिथे हांगझोला कोसळला होता. आणि तिथेच तो वर चढला. ४५१.४ गुण, कांस्यपदक. नंतर त्यानं सांगितलं की सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पोटात ढवळत होतं, फक्त काळा चहा घेतला होता. पदक मिळवणाऱ्याच्याही पोटात गोळा होता! आपल्या आठवीतल्या मुलीच्या पोटात होता, तोच. त्यानं असंही सांगितलं की त्यानं गुणफलकाकडे पाहिलं नाही. पुढची गोळी, मग पुढची गोळी.

त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. म्हणजे अंतिम क्षणी हातात काय होतं हे पुस्तकातून वाचलेल्या नव्हेत. प्रशिक्षकानं स्वतः त्या उंबऱ्यावर उभं राहिलेलं असणं, याचा फायदा मोजता येत नाही.

गुणफलकाकडे न बघण्यात काय आहे? लक्ष ही मोजकी गोष्ट आहे. ती निकालावर खर्च केली तर नेमावर उरत नाही. पण गंमत अशी की उलटी चूकही होते. सायन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी फुटबॉलपटूंना चेंडू पायानं घोळवत न्यायला सांगितलं. कसलेल्या खेळाडूंना जेव्हा ‘पायाच्या कुठल्या बाजूनं चेंडू लागतोय त्याकडे लक्ष द्या’ असं सांगितलं, तेव्हा त्यांचा खेळ मंदावला. जी गोष्ट अंगात मुरली आहे, तिच्याकडे डोळे वटारून बघितलं की ती अडखळते. म्हणून स्पर्धेच्या दिवशी प्रशिक्षकानं कडेवरून ‘कोपर वर, मनगट सैल, पाऊल पुढे’ अशी सरबत्ती केली की मुलगा बिघडतो. सरबत्ती सरावात करा. स्पर्धेत एक शब्द. त्या मुलीला फक्त ‘गुडघे’. बस. दोन उड्या, एक लांब उच्छ्वास, मनात ‘गुडघे’, आणि बोटं रेषेवर. दर वेळी तेच, त्याच क्रमानं, सरावातही. मन घाबरलं की ओळखीची जागा शोधतं. ती जागा आपण आधी बांधून ठेवायची.

आधी म्हणजे कधी? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि किनाऱ्यावर काय चालू असतं हे तुम्ही मला सांगाल. जाळी विणणं, शिवणं, होडी रंगवणं, इंजिन उघडून बघणं. नारळी पौर्णिमेला जाळं उसवलेलं निघालं तर चालेल का? मनाचा सराव या बंदीच्या काळातला आहे. स्पर्धेच्या आठवड्यात नवीन काहीही शिकवायचं नाही.

तिसरी गोष्ट थोडक्यात. अनोळखी गोष्ट जास्त घाबरवते. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले, तेव्हा मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती. आयुष्य लाल मातीत गेलेलं. तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले, लोकांनी वर्गणी काढली. १९५२ चं ते कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या वेळी मॅट अनोळखी नव्हती. मनोरीच्या मुलांनी अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात किंवा कांदिवलीच्या साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) मैदानावर पहिलं पाऊल थेट स्पर्धेच्या दिवशीच का टाकावं? महिनाभर आधी एका रविवारी घेऊन जा. ट्रॅकवरून चालवा. बाथरूम कुठे आहे ते दाखवा. सरावात मुद्दाम गोंगाट करा, चुकीची शिट्टी वाजवा, ‘फॉल्स स्टार्ट’ द्या, अर्धा तास उशिरा सुरू करा. मुलं चिडतील. चिडू द्या.

मी मगाशी म्हटलं, मोठ्यांना ओरडा बसणार आहे. तो आता.

खाशाबांच्या पाठीवर प्राचार्यांचं घर होतं. मला नेहमी वाटतं, त्या माणसाला हेलसिंकीत झोप कशी लागली असेल? ते सव्वीस वर्षांचे होते. कसलेले मल्ल होते. बारा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर आपण काय काय ठेवतो?

५ जानेवारी २०१६. कल्याणचा प्रणव धनावडे, वय १५, रिक्षाचालकाचा मुलगा. भंडारी कप या आंतरशालेय स्पर्धेत त्यानं नाबाद १००९ धावा केल्या. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळकरी मुलानं केलेला ६२८ धावांचा विक्रम मोडला. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याचा फोटो. पुढारी घरी, कॅमेरे घरी, मुंबई क्रिकेट असोसिएशननं दरमहा १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. सगळ्यांनी चांगल्या मनानंच केलं. पण यापुढे त्या मुलानं ४० धावा केल्या तर? ४० धावा ही शाळकरी क्रिकेटमध्ये चांगली खेळी आहे. फक्त त्याच्यासाठी ती बातमी झाली, नापास झाल्याची. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनीच असोसिएशनला पत्र लिहिलं, मुलाचा खेळ सध्या चांगला होत नाही, शिष्यवृत्ती थांबवा. रिक्षा चालवणाऱ्या माणसानं दहा हजार रुपये महिना नाकारले! मला या गोष्टीत १००९ धावांपेक्षा हे पत्र मोठं वाटतं. बापानं मुलाच्या पाठीवरचं ओझं उचलून खाली ठेवलं.

आपल्यापैकी किती जण ठेवतील?

कारण आपल्याकडे खेळ नुसता खेळ राहिलेला नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. या सोयी चांगल्या आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण मग स्टार्ट लाइनवर उभ्या मुलीला समोर फीत दिसत नाही, सर्टिफिकेट दिसतं. त्या सर्टिफिकेटमागे कॉलेज, कॉलेजमागे पोलीस भरती, भरतीमागे घराचं कर्ज. तेरा वर्षांच्या मुलीनं हे सगळं २०० मीटरमध्ये ओढायचं. आणि आपण तिला म्हणायचं, ‘टेन्शन घेऊ नकोस.’ टेन्शन दिलं कुणी?

सर्वांत वाईट जागा कुठली, सांगू? परतीची रिक्षा. मैदान ते स्टेशन. हरलेलं मूल मध्ये बसलेलं, आई एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला. उतरायला जागा नाही. आणि बाबा सुरू होतात. ‘शेवटच्या पन्नास मीटरला का ढिली पडलीस? मी बघत होतो. ती अमकी तर तुझ्या मागे होती.’ बाबांचा हेतू वाईट नाही. बाबा स्वतः घाबरलेले आहेत. पण मुलगी काय शिकते? शर्यत फीत ओलांडून संपत नाही, ती रिक्षात चालू राहते. पुढच्या वेळी ती धावताना रिक्षाही घेऊन धावेल. माझी पालकांना एकच विनंती आहे. त्या प्रवासात खेळाबद्दल बोलायचं नाही. भूक लागली का विचारा. ती स्वतः बोलली तर ऐका. दुरुस्ती करायला प्रशिक्षक आहे, दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे.

आणि प्रशिक्षकांनो, तुमचंही. हल्ली काही अकादम्यांत ‘मेंटल टफनेस’ या नावाखाली मुलांना शिव्या देतात, थोबाडीत मारतात, सगळ्यांसमोर वजनावरून बोलतात. एका ठिकाणी मला बोलावलं होतं मुलांना ‘टफ’ करायला. मी पाहिलं, मुलं स्पर्धेला घाबरत नव्हती, सरांना घाबरत होती. अशा ठिकाणी श्वासाचे व्यायाम शिकवणं हे पाप आहे. छळ सहन करायची ताकद वाढवून देणं हे माझं काम नाही. तिथे आधी सरांना घरी पाठवायचं, मग श्वास.

आता जी गोष्ट मला आज सर्वांत जास्त सांगायची होती, ती.

जेमिमा रॉड्रिग्ज. भांडुपला वाढलेली, मग वांद्र्याला गेलेली, आपल्या उपनगरातली पोर. हॉकीही खेळायची. २०२५ चा महिला क्रिकेट विश्वचषक, आपल्याच देशात. स्पर्धेत तिच्या नावावर दोन भोपळे. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला संघातून वगळलं. मग ती परत आली. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामना. समोर ३३९ धावांचं लक्ष्य. एकदिवसीय महिला क्रिकेटमध्ये एवढा पाठलाग तोवर कुणी केला नव्हता. आपण तिसऱ्या क्रमांकावर खेळणार हे तिला मैदानात उतरायच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं. नाबाद १२७. भारत जिंकला, आणि तीन दिवसांनी विश्वचषकही जिंकला.

पण माझ्यासाठी सामना त्यानंतर सुरू झाला. ती पत्रकारांसमोर बसली आणि रडत रडत सांगायला लागली. स्पर्धेच्या सुरुवातीला मी फार चिंतेत होते. आईला फोन करायचे आणि नुसती रडायचे. चिंता असते तेव्हा सगळं सुन्न होतं, काय करावं कळत नाही. स्मृती मानधना शेजारी येऊन नुसती उभी राहायची. सहकारी चौकशी करायच्या. आईवडिलांनी साथ दिली. आणि तिनं हेही सांगितलं की कुणीतरी यातून जात असेल म्हणून मी हे बोलतेय.

ताण गेला आणि मग ती खेळली, असं नाही झालं. ताण होता आणि ती खेळली. अंग गळून गेलं तेव्हा तिनं बायबलमधल्या वचनाचा आधार घेतला. मनोरीत मला हे सांगताना बरं वाटतं. कुणी येशूचं नाव घेईल, कुणी एकवीरा आईचं, कुणी बाम सरांसारखा श्वास बघेल, कुणी मनात ‘गुडघे’ म्हणेल. धरायला काहीतरी हवं, आणि ते आधीपासून हातात असलेलं हवं. शास्त्र यावर नाक मुरडत नाही.

आणि शेजारी येऊन बसणारं कुणीतरी हवं. मानसिक प्रशिक्षण म्हटलं की आपण एकट्या खेळाडूची कल्पना करतो, डोळे मिटून बसलेल्या. जेमिमाच्या गोष्टीत किती माणसं आहेत बघा. आपल्या शाळेच्या टीममध्ये वगळलेल्या मुलीच्या शेजारी कोण बसतं? हे शिकवता येतं. टीममध्ये दर स्पर्धेला एका मुलीला हेच काम द्या. आज कुणाच्या शेजारी बसायचं ते तू बघ. कॅप्टनपेक्षा अवघड काम आहे.

शेवटी मर्यादेबद्दल, कारण ते न सांगता जाणं बरोबर नाही. मी सांगितलं ते सगळं स्पर्धेच्या ताणासाठी आहे. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, आवडता खेळ नकोसा झाला असेल, सरावाच्या नावानं रडत असेल, किंवा ‘मी नसलेली बरी’ असं बोलत असेल, तर तिथे श्वास आणि वही पुरणार नाही. तेव्हा डॉक्टरकडे जायचं. पाय मुरगळला की एक्स-रे काढायला आपण मालाडला पळतो, तेवढ्याच सहजपणे. सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, क्रमांक १४४१६. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे आणि मराठीतून बोलता येतं. आत्ता मोबाइलमध्ये लिहून घ्या. मागच्या रांगेतल्यांनीही. ‘गेम’ नावानं सेव्ह केलात तरी चालेल, घरी कुणी विचारणार नाही.

आता प्रश्न. पण आधी मुलांचे, मग पालकांचे.